आतलं माप, बाहेरचं माप

बाहेरून एकवीस फूट तीन इंच.
आतून पंधरा फूट आठ.
फीत पुन्हा लावली. मुरलीधरनं दुसरं टोक धरलं,
त्याच्या अंगठ्याखाली शून्य नीट होतं.
दीड-दीड फुटाच्या दोन भिंती वजा केल्या तरी
तांबट आळीतल्या या घरात
अडीच फूट आणि वर एक इंच
गडप.

हेमराज हसला नाही. म्हणाला,
मोजणीवाले सगळे इथंच अडतात.
बसा, चहा टाकतो.

मग त्यानं भिंतीतलं फडताळ उघडलं.
मागची फळी पुढे येत नाही, वर उचलत नाही,
डावीकडे सरकते, तीही
गुडघा टेकून जोर लावला तर.
आत एक माणूस बसेल.
आडवा होणार नाही.

पहिल्या लढाईतली गोष्ट, कागद काही नाही.
जर्मन पाद्री धरून इंग्रज नगरला तारेआड कोंडत होता.
हा सिन्नरच्या घाटात टांग्यातून उतरला,
की टांगाच उलटला,
सांगणारागणिक बदलतं.
नाव फादर अलोईस. घरात त्याचं झालं अळोबा.
भिकोबा तांबटाचा ना त्याच्या देवाशी संबंध, ना लढाईशी.
दुष्काळात घोटीला याच्या हातची खिचडी खाल्ली होती, एवढंच.
तिच्यात मीठ कमी होतं,
हेही भिकोबा दर वेळी सांगे.

पाद्र्याची छाती खराब.
पण दिवसभर आळीत ठोके,
ह्या ओट्यावर, त्या ओट्यावर,
खोकला त्यांच्याखाली बुडून जाई.
एकदा फौजदार आला, भिंतीवर छडी वाजवली,
कान लावला.
त्याला हंडाच ऐकू आला.

अमावास्येला मात्र तांबट हातोडी धरत नाही.
आळी इतकी गप्प
की गोदेवर कुणी धुणं आपटलं तर ठोके मोजावेत.
पहिली अमावास्या अळोबानं
तोंडात धोतराचा बोळा कोंबून काढली.
रात्री बोळा सगुणेनं धुतला. पाणी लाल.

दुसऱ्या अमावास्येला
भिकोबा उजाडताच हंडा घेऊन ठोकायला बसला.
माणसं जमली. पंचांनी दंड लावला,
सव्वा रुपया, नारळ.
पुढच्या अमावास्येला पुन्हा हंडा, पुन्हा दंड.
असे सात नारळ.
सगुणा म्हणे, देवापुढं कुठले,
तुमच्या पाहुण्याच्या छातीपुढं वाढवतोय.

आठव्या अमावास्येला ओटा गप्प होता.
गेला की मेला,
हेमराजला ठाऊक नाही. आळीतही
कुणी विचारलं नाही,
दंड थांबला म्हणून पंच खूश.

हंडा अजून माळ्यावर आहे.
ठोकून ठोकून पत्रा पिंपळपानासारखा झालेला,
पाणी धरत नाही.
आणि एक फुलपात्र, त्याला खाली
समईचा पाय जोडलेला.
यात मनुका भिजवून त्याचं पाणी,
सोबत बिनमिठाची, बिनतुपाची पोळी.
आत त्याचं काय ते चाले,
बाहेर सगुणा फळीवर
हळदी-कुंकवाचे करंडे मांडून बसे.

मी आत डोकं घातलं.
चुन्यावर खांद्याच्या उंचीला
एक जागा गुळगुळीत होती, तळव्याएवढी.
हात लावला नाही.

साहेब, मुरलीधर म्हणाला, रस्तारुंदीचा नकाशा आहे,
खोली धरू की काय धरू?
भिंत धर.
पूर्वेची भिंत, जाडी चार फूट एक इंच.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग लिहिलं.

चहा निवला होता. तसाच प्यालो.
निघताना जाणवलं, शेजारी कुणीच ठोकत नव्हतं.
धंदा बसला म्हणून,
की दुपारची जेवणं चालू होती.
त्या दिवशी तिथी कोणती होती,
हे मी नंतरही
पंचांगात पाहिलं नाही.